1888 च्या संपातल्या काडेपेटी कारखान्यातल्या बायकांवरची एक सेकंडहँड कादंबरी मिळालीये, त्यातलं खरं किती मानायचं?

याच संपावरची एक कादंबरी मीपण जुन्या पुस्तकांतूनच उचललेली, त्यामुळे सांगते. मुख्य गोष्ट खरीच आहे. पूर्व लंडनमधल्या बो भागात ब्रायंट अँड मेचा कारखाना होता, जुलै 1888 मध्ये तिथल्या जवळजवळ 1400 बायका-पोरी काम टाकून बाहेर पडल्या आणि त्याच महिन्यात जिंकल्यासुद्धा.

दंडाचे प्रसंग वाचताना वाटतं की लेखकाने तिखटमीठ लावलंय, पण उलट तेच सगळ्यात खरं. 16 वर्षांच्या मुलीला आठवड्याला 4 शिलिंग मिळायचे, त्यातून पाय मळके असले की 3 पेन्स (पाव शिलिंग) कापणार, पेटलेल्या काड्या बाकावर राहिल्या की अख्खा शिलिंग. एकीने बोटं वाचवायला हात मागे घेतला आणि मशीनमध्ये गुंता झाला तर दंड तिलाच, वर तंबी की मशीन सांभाळ, बोटांचं राहू दे. आणि शेअरहोल्डर मात्र वीस टक्क्यांच्या वर डिव्हिडंड घेतायत!

जबडा सडण्याचा आजारही खराय, काड्या बनवायला वापरायच्या त्या पांढऱ्या फॉस्फरसमुळे व्हायचा. जेवायला वेगळी जागा नाही, त्याच बाकावर तेच हात तोंडात. म्हणून संपानंतर दंड बंद झाले त्याबरोबर जेवणासाठी वेगळी खोली मिळाली ही मला तरी फार मोठी गोष्ट वाटते, कादंबऱ्या ती एका ओळीत उरकतात. फॉस्फरस मात्र लगेच गेला नाही हां, बंदीचा कायदा 1908 चा, लागू 1910 पासून.

खरी सावधगिरी ॲनी बेझंटबाबत बाळगा. होमरूलवाल्या, 1917 च्या काँग्रेस अध्यक्ष, त्याच या. कादंबरीत त्या बायकांना संपाला उठवताना दिसल्या तर ते मनावर घेऊ नका. त्यांनी जूनमध्ये कारखान्यावर जळजळीत लेख लिहिला हे खरं, पण मग मॅनेजमेंटने 'आमचं सगळं छान चाललंय' अशा कागदावर सह्या मागितल्या, बायकांनी दिल्या नाहीत, एकीला काढलं आणि बाकीच्या आपणहून बाहेर पडल्या. बेझंटबाईंनी संप करा म्हटलंच नव्हतं, पैसे आणि युनियन उभी करायला मदत केली ती नंतर. त्यामुळे तुमच्या प्रतीत बाहेर पडायचं कोण ठरवतं तेवढं बघा, बायकाच ठरवत असतील तर पुस्तक बिनधास्त वाचा.