ससा आजारी आहे हे कसं ओळखायचं?

ससा दुखणं लपवतो. जंगलात अशक्त दिसणारा प्राणी आधी शिकार होतो, म्हणून ही सवय त्याच्या रक्तातच आहे. तो कण्हेल, ओरडेल याची वाट बघू नका.

रोज दोनच गोष्टी नीट बघा: खाणं आणि लेंड्या. निरोगी सशाच्या लेंड्या गोल, एकसारख्या आणि भरपूर असतात. त्या लहान, वेड्यावाकड्या किंवा केसांनी माळेसारख्या जोडलेल्या दिसल्या तर पोट मंदावतंय असं समजा. 10-12 तास खाणंही नाही आणि लेंड्याही नाहीत, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. सशाचं आतडं थांबलं की गॅस साठतो, वेदना वाढतात आणि तो आणखी खात नाही. हे चक्र फार वेगानं जिवावर बेततं. कोपऱ्यात अंग आखडून बसणं, जोरात दात खाणं, कान गार पडणं ही त्याचीच लक्षणं. (कुरवाळताना हलकेच दात वाजवतो, ते मात्र सुखाचं.)

हनुवटी ओली किंवा आवडीचा पाला तोंडातून गळतोय? दात तपासून घ्या, ते आयुष्यभर वाढतात. पुढच्या पंजांची आतली लव चिकट असेल तर तो वाहतं नाक पंजानं पुसतोय. मान एका बाजूला कलली तर त्याच दिवशी दाखवा.

लघवी तांबूस दिसली म्हणून लगेच घाबरू नका, खाण्यातल्या रंगद्रव्यांनीही तसं होतं. कुत्र्या-मांजराचं औषध मात्र मनानं कधीच देऊ नका. आणि ससे बघणारा डॉक्टर आजच शोधून ठेवा, सगळेच बघत नाहीत.