वाचकांचे प्रश्न : उतारावरचे घर आणि कोपऱ्यातला आंबा

प्रश्न : बेलापूरच्या बाजूला, पारसिक टेकडीच्या पश्चिम उतारावर आमचा सुमारे ३०० चौरस मीटरचा भूखंड आहे. वायव्य कोपऱ्यात एक जुना आंबा असून वरच्या अंगाला काळा कातळ उघडा पडलेला आहे. आम्हा उभयतांना ‘सेंद्रिय’ वास्तुशैलीचे, शंखासारख्या गोल भिंतींचे, जांभ्या दगडातले घर हवे आहे. जमीन सपाट करून आंबा काढल्याशिवाय काही जमणार नाही, असे कंत्राटदार म्हणतो. आपण काय सुचवाल?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : ‘सेंद्रिय’ म्हटले की हल्ली गूळ आणि भाजी आठवते; घराच्या बाबतीत मात्र या शब्दाचा अर्थ आकाराशी नव्हे, जागेशी जोडलेला आहे. अमेरिकन वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांनी १९३५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका धबधब्यावर ज्या घराचा आराखडा केला, ते ‘फॉलिंगवॉटर’ या शैलीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मानले जाते. परंतु त्याची छायाचित्रे पुन्हा नीट पाहिलीत, तर त्यात शंखाकृती असे काहीच नाही, एकावर एक पुढे झेपावलेल्या सरळ, आडव्या गच्च्याच आहेत, हे आपल्या लक्षात येईल. जागेवरचा कातळ न फोडता त्याचीच चूल केली आणि वाटेवरच्या झाडासाठी काँक्रीटची तुळई वळवली, यात त्या घराची खरी नैसर्गिकता आहे. त्याच झेपावलेल्या गच्च्या पुढे सुमारे १८ सेंटिमीटर खाली झुकल्या आणि २००२ मध्ये पोलादी तारा ताणून त्यांना सावरावे लागले, हेही ध्यानात असू द्यावे. वास्तुरचनाकाराइतकाच चांगला संरचना अभियंता आपल्याला लागणार आहे, उतारावर तर विशेष.

गोल भिंतींबद्दल माझे मत स्पष्ट आहे. वळणाला सेंटरिंग (काँक्रीट ओतण्याचा साचा) महाग पडते, कपाट आणि पलंग भिंतीला टेकत नाहीत, आणि ३०० चौरस मीटरच्या भूखंडात सामासिक अंतरे (हद्दीलगत मोकळी ठेवायची जागा) सोडल्यावर उरलेली जागा त्या कोनाकोपऱ्यांत वाया जाते. एखादा जिना किंवा ओटा वळवावा. अख्खे घर वळवू नये.

आपल्या भूखंडाचा खरा पेच पश्चिमेला आहे. खाडीवरचा वारा तिकडूनच येतो, पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते आणि दुपारनंतरचे कडक ऊनही त्याच अंगाला पडते. म्हणजे जी बाजू वाऱ्यासाठी उघडी हवी, तीच उन्हापावसासाठी बंद हवी. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात मोठ्या काचा लावून निसर्ग घरात आणण्याची कल्पना पहिल्याच जूनमध्ये फसते, आणि मग त्या काचांवर आतून पडदे व बाहेरून प्लॅस्टिक लागते. कोकणातल्या जुन्या घरांनी हा पेच पडवीने सोडवला. निदान दोन मीटर रुंदीची पडवी, तिच्यावर खाली उतरत आलेले कौलारू छप्पर आणि पावसाळ्यापूर्वी मोकळ्या बाजूला बांधलेले झावळ्यांचे झाप, अशी ती व्यवस्था होती. आपण झापांऐवजी सरकत्या लाकडी झडपा लावू शकता. वारा फटींतून आत येईल आणि मुख्य भिंत कोरडी राहील. न्हाणीघर, जिना आणि कोठीची खोली पश्चिमेला ढकलली, तर निजायच्या खोल्या संध्याकाळी तापणार नाहीत.

जांभ्याचा आग्रह सोडावा, असे सुचवतो. जांभा माथेरानच्या माथ्यावर सापडतो; पारसिकच्या अंगाचा दगड काळा आहे, आणि रत्नागिरीहून ट्रकने चिरे आणून त्या घराला ‘इथल्या मातीतले’ म्हणणे मला पटत नाही. अर्थात नव्या खाणीचा काळा दगडही घेऊ नये. नवी मुंबईच्या टेकड्या खाणींनी आधीच पुरेशा खरवडल्या गेल्या आहेत. आपल्याच पायाच्या खोदकामात जो दगड निघेल, तो जोत्याला आणि उतारावरची माती अडवणाऱ्या धारक भिंतीला वापरावा. या धारक भिंतीत पाणी निघून जाण्यासाठी भोके आणि तिच्यामागे खडीचा थर ठेवण्यास गवंड्याला बजावून सांगा, कारण उतारावरच्या भिंती बहुधा मागे साचलेल्या पाण्याच्या दाबाने पडतात.

आंब्याबाबत कंत्राटदाराचे म्हणणे ऐकू नका. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडे तोडण्यासाठी १९७५ च्या कायद्याने वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पण परवानगी मिळाली तरी सपाटीकरण हीच मुळात चूक ठरेल. घर दोन पातळ्यांवर उतरते ठेवावे, पाया शक्यतो फांद्यांच्या घेराबाहेर घ्यावा, आणि सलग चर खणण्याऐवजी सुटे खांब घेऊन वरून तुळया जोडाव्यात, म्हणजे मुळे कमी तुटतील. खोडाभोवती मातीची भर घालू नये. मुळांचा श्वास कोंडून झाड दोन-चार वर्षांत हळूहळू वाळते आणि दोष भलत्याच कशावर तरी जातो.

आराखडा काढण्यापूर्वी एक पावसाळा भूखंडावर जाऊन पाणी कोठून येते, कोठे थबकते, हे खुंट्या मारून नोंदवा. आणि एखाद्या रविवारी बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेज या वसाहतीत चक्कर मारा. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सुमारे साडेपाचशे कुटुंबांसाठी तेथे सात-सात घरे एकेका अंगणाभोवती मांडली आणि शेजाऱ्याशी सामाईक भिंत ठेवली नाही, जेणेकरून ज्याला जसे हवे तसे घर वाढवता यावे. बरीच घरे आता पाडून उंच बांधली गेली आहेत, तरी जी उरली आहेत त्यांच्या अंगणात दुपारी उभे राहिल्यावर फरक अंगाला कळतो.

प्रश्न : ठाण्यात छोटा बंगला बांधत आहोत. विटा उभ्या कडेवर लावून मध्ये पोकळी ठेवणारी वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांची ‘रॅट-ट्रॅप’ पद्धत इथल्या पावसात टिकेल का? गवंडी नको म्हणतो.
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : टिकेल. बेकर यांनी ती केरळातल्या पावसातच रूढ केली. विटा सुमारे एक चतुर्थांश कमी लागतात आणि मधल्या हवेमुळे भिंत कमी तापते. ठाण्याला भूकंपाचा धोका असल्याने भार सिमेंट-पोलादाच्या चौकटीवर ठेवून ही भिंत केवळ चौकटीतली मोकळी जागा भरायला वापरणे अधिक निर्धोक. विटा उघड्या ठेवणार असाल, तर छप्पर भिंतीबाहेर निदान एक मीटर आणावे. गवंड्याची भीती अनुभव नसल्याची आहे. त्याच्याकडून मे महिन्यात कुंपणाजवळ दोन मीटर लांबीची नमुन्याची भिंत बांधून घ्या आणि ऑगस्टमध्ये तिच्या आतल्या बाजूला हात लावून पाहा.