रोखीनं घर चालवताना : वाचकांचे प्रश्न

क्रेडिट कार्ड सोडून रोखीवर यायचं म्हणणाऱ्यांची पत्रं या वेळी जास्त आहेत, आणि बरीचशी नागपूरची. त्यातली चार इथं घेतली आहेत. पहिल्या दोन पत्रांचा एकमेकांशी संबंध आहे, म्हणून ती सोबतच वाचावीत.

प्रश्न : यजमानांचा पगार हातात ४६,००० येतो. ब्लाउज शिवून मला कधी तीन, कधी पाच हजार मिळतात. घर किरायाचं, दोन मुलं. कार्डावर ३८,००० थकलेत. बँक महिन्याला १,९०० 'मिनिमम' सांगते, ते आम्ही न चुकता भरतो, तरी आकडा तिथल्या तिथंच. व्याज महिन्याला साडेतीन टक्के लिहिलंय. आता सगळं रोखीनं करायचं ठरवलंय, पण सुरुवात कुठून करू? (मानेवाडा)

उत्तर : ३८,००० वर साडेतीन टक्के म्हणजे १,३३० रुपये व्याज. व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २३९. तुमच्या १,९०० पैकी १,५६९ रुपये इथंच गेले. मुद्दल कमी झालं ते फक्त ३३१ रुपयांनी. शिवाय जुनी बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज कार्डावर पेट्रोल भरलं तर त्यावर आजपासून व्याज सुरू. म्हणून पहिलं काम, कार्डावरची नवी खरेदी पूर्ण थांबवणं. मोबाईलचं बिल, टीव्हीची वर्गणी, विम्याचा हप्ता असं काही त्या कार्डाला जोडलेलं असतं आणि आपोआप कापलं जातं. ते शोधून बचत खात्याला जोडा. हे राहून गेल्यानं कित्येक घरांत कपाटात ठेवलेल्या कार्डाची बाकीही वाढत राहते.

दुसरं काम, कार्डाला महिना ६,००० चा ठरलेला हप्ता. बँक पुढं मिनिमम कमी सांगेल, तरी हप्ता कमी करायचा नाही. सहा हजारांनी आठव्या महिन्यात बाकी शून्य होते, शेवटचा हप्ता तीन हजारांच्या आतच येतो, आणि व्याज-करापोटी एकूण सुमारे ७,००० जातात. तुमच्या शिवणाचे पैसे घरखर्चात धरूच नका, आले की सरळ कार्डात भरा. महिन्याला सरासरी ३,००० जरी त्यात गेले तरी पाचव्या महिन्यात सुटका होते. एखादी छोटी एफडी असेल तर ती मोडून बाकी फेडणं फायद्याचं आहे. ठेवीवर वर्षाला जेवढं व्याज मिळतं, तेवढं कार्ड दोन महिन्यांत घेऊन जातं.

आता ४६,००० ची वाटणी. यातले २६,००० खात्यातच राहू द्या : किराया ९,०००, कार्डाचा हप्ता ६,०००, वीज-मोबाईल-गॅस ३,५००, वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांसाठी ६,००० आणि अडीअडचणीसाठी १,५००. उरलेले २०,००० रोख काढायचे. किराणा ७,०००, भाजी-फळं ३,२००, दूध २,८००, पेट्रोल ३,०००, मुलांची व्हॅन आणि वह्या-पेनं १,८००, औषधं ८००, किरकोळ १,४००. हे आकडे नमुन्याचे आहेत. पहिला महिना संपला की तुमच्या घराप्रमाणे बदला, पण बेरीज २०,००० च्या वर जाऊ देऊ नका.

रोख एकदाच काढा, तीही बँकेच्या खिडकीवर विड्रॉवल स्लिप भरून. एटीएममधून थोडे थोडे काढत राहिलात तर कुठं थांबायचं ते कळत नाही, आणि फुकट व्यवहारांची मर्यादा संपली की प्रत्येक वेळी २३ रुपयांपर्यंत कापले जातात. खिडकीवर नोटांची फोड मागता येते. २०,००० साठी अशी मागा : ५०० च्या २४, २०० च्या २०, १०० च्या ३०, ५० च्या १०, २० च्या १५ आणि १० च्या २०. पगाराच्या पहिल्या दिवशी खिडकीवर गर्दी असते आणि लहान नोटा संपतात. एखादा दिवस थांबून सकाळी गेलेलं बरं.

प्रत्येक खर्चाचं वेगळं पाकीट. कागदी पाकीट दोन महिन्यांत फाटतं, म्हणून चेन असलेली प्लास्टिकची पारदर्शक पाऊच घ्या. उघडल्याशिवाय आत किती उरलंय ते दिसतं. ती स्टीलच्या डब्यात घालून कपाटात ठेवा. लाकडी फळीवर किंवा भिंतीतल्या कोनाड्यात नोटांना वाळवी लागते.

भाजीचं पाकीट सगळ्यात जास्त फसतं. लोक ३,२०० ला चारनं भागून आठवड्याला ८०० धरतात. महिना मात्र चार आठवडे आणि वर दोन-तीन दिवसांचा असतो. त्या दिवसांत पाकीट रिकामं असतं आणि हात पुन्हा कार्डाकडे जातो. म्हणून पाच भाग करा. चार आठवड्यांचे ७०० प्रमाणे आणि शेवटच्या दिवसांचे ४००. सातशेची पुडी अशी बांधा : दोनशेची एक, शंभराच्या तीन, पन्नासच्या दोन, विसाच्या तीन, दहाच्या चार. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात जाताना तेवढी एकच पुडी न्या. वीस रुपयांच्या सांबारासाठी (कोथिंबिरीसाठी) पाचशेची नोट काढली की सुटे मिळावेत म्हणून आणखी काहीतरी घेतलं जातं. पुडीत पाचशेची नोट नसली की ते आपोआप टळतं.

किराण्याचे सातही हजार पहिल्याच दिवशी खर्च करू नका. इतवारीतून महिन्याचं सामान साडेपाच हजारांत बसवा आणि दीड हजार पाकिटात राहू द्या. पंधरा तारखेनंतर साखर, तेल, पाहुण्यांसाठी रवा-बेसन असं काहीतरी लागतंच.

एका पाकिटातून दुसऱ्यात पैसे घ्यावे लागतात, त्याला हरकत नाही. मात्र ज्यातून घेतले त्यात चिठ्ठी टाका : 'ता. १४, औषधासाठी १५०'. महिनाअखेरीला या चिठ्ठ्या मांडल्या की कोणत्या पाकिटाचा आकडा चुकला ते कळतं. औषधाच्या नावानं तीन महिने चिठ्ठ्या येत असतील तर ८०० अपुरे आहेत, तो आकडा वाढवा आणि किरकोळमधून कमी करा. किरकोळच्या १,४०० मधले पाचशे-पाचशे दोघांचे स्वतःचे, त्यांचा हिशेब कोणी विचारायचा नाही. हे आम्ही आग्रहानं सांगतो. चहा-नाश्त्याच्या वीस रुपयांचाही जाब द्यावा लागला की माणूस लपवायला लागतो, आणि लपवायला कार्डासारखी सोय नाही.

प्रश्न : आमचं महिन्याचं गणित जमतं. पण दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये कार्ड काढावंच लागतं, मग दिवाळीपर्यंत फेडत बसतो. रोखीनं हे कसं जमवायचं? (नरेंद्रनगर)

उत्तर : आपल्याकडे वर्षाचे मोठे खर्च एकाला एक लागून येतात. मार्चपासून गहू, तूरडाळ, तिखट-हळद भरायची. त्याच सुमारास कुलरच्या ताट्या बदलायच्या, पंप जळालेला निघतो. मेमध्ये लग्नं. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे वह्या-पुस्तकं आणि युनिफॉर्म ऐन महिनाअखेरीला. यातला एकही खर्च अचानक आलेला नाही. दरवर्षी तो त्याच महिन्यात येतो, तरी महिन्याच्या बजेटात त्याला जागा नसते.

गेल्या वर्षीच्या पावत्या काढून यादी करा. चौघांच्या घराची साधारण अशी निघेल : वर्षाचं धान्य-मसाला १२,०००, कुलर आणि उन्हाळ्यातलं वाढीव वीजबिल ७,०००, शाळा २२,०००, लग्नसराईचे आहेर आणि प्रवास १०,०००, महालक्ष्म्या आणि दिवाळी १५,०००, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ६,०००. एकूण ७२,०००, म्हणजे महिन्याला ६,०००. वरच्या उत्तरातले ६,००० ते हेच. हे पैसे घरात ठेवू नका. वेगळ्या बचत खात्यात ठेवा, त्याचं एटीएम कार्ड घेऊच नका. सहा-बारा महिन्यांची आर.डी.ही चालते, फक्त ती कोणत्या महिन्यात सुटते ते बघून उघडा. जुलैत सुटणारी आर.डी. शाळेच्या खर्चाला कामाची नाही.

अडचण पहिल्या वर्षी येते. फेब्रुवारीत सुरुवात केली तर जूनपर्यंत पाच हप्त्यांचे ३०,००० जमतात, आणि धान्य, कुलर, लग्नं, शाळा मिळून ५१,००० लागतात. २१,००० कमी पडतात. अशा वर्षी धान्य वर्षाचं न भरता तीन महिन्यांचं भरा. किलोमागे थोडे जास्त जातील, पण कार्डाच्या व्याजापेक्षा ते कमीच. वरच्या वर्गाची पुस्तकं शेजारीपाजारी किंवा बर्डीवर जुनी मिळतात. शाळेला फीचे हप्ते मागा, आणि ते मेमध्येच मागा. शाळा सुरू झाल्यावर ऑफिसात कोणाला वेळ नसतो. तरीही तूट उरली तर आहेराची रक्कम कमी करा. नातं टिकतं, व्याज मात्र चढत जातं.

कुलरच्या बिलाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. पंखा-पंप मिळून २५० वॅटचा कुलर रोज १२ तास चालला तर दिवसाला ३ युनिट, महिन्याला ९०. दोन कुलर असतील तर १८०. घरगुती दर टप्प्यांचा आहे : १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० पर्यंत त्याहून बराच वरचा. एरवी ९० युनिटांत बसणारं घर दोन कुलर लागले की २७० वर जातं, आणि त्यातल्या १७० युनिटांना वरचा दर लागतो. म्हणून वापर तिप्पट झाला तरी बिल तिपटीहून जास्त दिसतं. शिवाय एप्रिलचा वापर मेच्या बिलात येतो, म्हणून मेच्या अखेरीपर्यंत हे पैसे राखून ठेवा.

प्रश्न : आता भाजीवालेही स्कॅनर पुढं करतात, चिल्लर कोणाकडेच नसते. यूपीआय म्हणजे खात्यातलेच पैसे, मग ती रोखच झाली ना? (प्रतापनगर)

उत्तर : उधारी नाही, एवढ्यापुरती रोखच. फरक असा की पाकीट रिकामं होतं ते दिसतं, आणि यूपीआयनं किरायाच्या पैशातून कधी समोसे आले ते महिनाअखेरीपर्यंत कळत नाही. यूपीआय ठेवायचंच असेल तर त्याला सीमा घाला. यूपीआय लाइट म्हणजे ॲपमधलंच एक छोटं पाकीट, त्यात एका वेळी जास्तीत जास्त ५,००० ठेवता येतात आणि एका व्यवहाराला १,००० ची मर्यादा आहे. भाजी-किरकोळचे आठवड्याचे पैसे दर सोमवारी त्यात टाका, स्कॅन तिथूनच करा. संपले की पुढच्या सोमवारपर्यंत संपले. आपोआप भरण्याची सोय, म्हणजे ऑटो टॉप-अप, बंद ठेवा, नाहीतर सीमा राहतच नाही. लाइटला पिन लागत नाही, म्हणून फोनला लॉक हवाच.

आणखी एक गोष्ट आजच तपासा. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. जोडलेलं असेल तर तुम्ही खात्यातून दिले असं समजता आणि पैसे कार्डावर चढतात. ॲपमध्ये पेमेंटच्या पद्धतींत ते दिसलं तर काढून टाका.

चिल्लरसाठी दहाची नाणी ठेवा. काही दुकानदार ती नाकारतात, पण दहाच्या नाण्याचे सगळे १४ नमुने चालू आहेत असं रिझर्व्ह बँकेनं स्पष्ट केलेलं आहे. फाटकी नोट आली तर ती दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका, कोणत्याही बँक शाखेत बदलून मिळते.

प्रश्न : रोखीनं काय भरू नये? आणि बाकी फिटली की कार्ड कापून टाकलं तर चालेल का? (महाल)

उत्तर : आरोग्य विम्याचा हप्ता रोखीनं भरू नका. जुन्या कर-पद्धतीत ८०डी ची सूट रोख हप्त्याला मिळत नाही. देणगीवर ८०जी ची सूट हवी असेल तर २,००० च्या वरची रक्कम चेकनं किंवा खात्यातून द्या. महावितरणच्या केंद्रावर घरगुती बिल ५,००० पर्यंतच रोखीनं घेतात, मे-जूनचं मोठं बिल असेल तर हे लक्षात ठेवा. हातउसने २०,००० किंवा त्याहून जास्त घ्यायचे तर बँकेमार्फतच घ्या. किराया रोख देत असाल तर दर महिन्याला सहीची पावती घ्या.

कार्ड कापल्यानं ते बंद होत नाही, वार्षिक फी चढत राहते. बाकी शून्य झाल्याचं स्टेटमेंट हातात आलं की बँकेकडे बंद करण्याचा लेखी अर्ज, ई-मेल किंवा ॲपमधून विनंती द्या आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा. बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बँकेला बंधनकारक आहे. उशीर झाला तर प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड बँकेनं तुम्हाला द्यायचा आहे. शेवटचा मोठा हप्ता भरल्यानंतरच्या स्टेटमेंटमध्ये मधल्या दिवसांचं थोडं व्याज येतं, शंभर-दीडशे रुपये. तेही भरा, मगच अर्ज द्या. बाकी नसल्याचं पत्र मागून घ्या आणि घराच्या कागदांच्या फाइलमध्ये लावा.