सात महिन्यांच्या बाळाच्या डोक्यात पाणी वाढलंय. न्यूरोसर्जनच्या पहिल्या भेटीत काय विचारावं?

पहिला प्रश्न ‘ऑपरेशन लागेलच का’, आणि लगेच पुढचा: आत्ताच की थोडं थांबून चालेल? काही बाळांना नुसतं डोक्याचं माप घेत आणि सोनोग्राफी करत निरीक्षणाखाली ठेवतात. टाळू भरली नसेल तर सोनोग्राफीवर भागतं का, हेही विचारा. सीटीचं रेडिएशन टळतं.

ऑपरेशन सुचवलं तर शंट की ईटीव्ही (दुर्बिणीतून मेंदूत छोटं छिद्र करून पाण्याला वाट करून देणं), आणि आमच्या बाळाला तेच का? वर्षाखालच्या बाळांत ईटीव्ही मोठ्या मुलांपेक्षा कमी वेळा यशस्वी होतं. शंट म्हणजे मेंदूतलं जास्तीचं पाणी कातडीखालून पोटात नेणारी नळी. ती तुंबू शकते. म्हणून माझ्या मते सगळ्यात कामाचा प्रश्न हा: तुंबली तर घरी कसं ओळखायचं, आणि रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा? (सतत उलट्या, सुस्ती, फुगलेली टाळू, खाली ओढल्यासारखी नजर, यातलं काही आत्ताच दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत न्या.)

स्कॅनच्या रिपोर्टसोबत सीडी किंवा फिल्मही न्या, सर्जन स्वतः बघतात. डोक्याच्या घेराचे जुने आकडे बालरोगतज्ज्ञांकडून तारखांसह घ्या.

प्रश्न कागदावरच लिहा; बाळ रडायला लागलं की मोबाईल त्याच्याच हातात जातो. जमलं तर आजीला सोबत न्या, बाळ धरायला. खर्चाचंही मोकळेपणाने विचारा. रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असेल तर रेशनकार्ड घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) गाठा.