अलीकडे कोणती पुस्तकं वाचलीत, कोणते जुने सिनेमे पाहिलेत? खरंखुरं मत सांगा.

पुस्तकांत 'वनवास', 'शारदा संगीत' आणि 'वंशवृक्ष'. सिनेमांत 'पिंजरा', 'सामना' आणि 'माणूस'.

मी बेळगावात वडगावला राहते. इथला पाऊस एकदा लागला की कपडे वाळत नाहीत आणि माणसं बाहेर पडत नाहीत, त्यामुळे यंदा वाचनालयाची वर्गणी पुरेपूर वसूल झाली. सिनेमे मात्र मामंजींमुळे. माग बंद केल्यापासून ते घरीच असतात, यूट्यूबवर जुने सिनेमे शोधून काढतात आणि एकट्यानं बघायला त्यांना करमत नाही.

आधी 'वनवास' आणि 'शारदा संगीत', म्हणजे प्रकाश नारायण संतांचा लंपन नावाचा पोरगा. बालपणाच्या आठवणी म्हटलं की मला धास्तीच वाटते, सगळं गोड गोड असतं. लंपन तसला नाही. आईवडील दुसऱ्या गावी, हा आजी-आजोबांकडे. त्याला आईची आठवण येते, पण लेखक त्यावर रडत बसत नाही. पोरगं सुमीचा विचार करतं, गावभर हिंडतं, सगळ्या गोष्टी त्याला 'मॅडसारख्या' वाटतात, आणि मधेच एखाद्या वाक्यात पोटात खड्डा पडतो. मग लगेच पुढचा उद्योग सुरू. मोठ्या माणसांनी लिहिलेली मुलं बहुतेक वेळा शहाणी तरी असतात नाहीतर बिचारी तरी. हा दोन्ही नाही. आणि त्या बोलण्याचा हेल! पुण्याच्या वाचकाला त्यात गंमत वाटत असेल, आम्हाला शेजारच्या घरातून कुणी बोलतंय असं वाटतं. (पु.लं.च्या 'रावसाहेबां'मुळे बाहेरच्यांना वाटतं की बेळगावचा माणूस शिवी घातल्याशिवाय वाक्य पुरं करत नाही. लंपन वाचून त्यांचा तो गैरसमज थोडा कमी होईल, पार जाणार नाही.)

संत हे कवयित्री इंदिरा संतांचे चिरंजीव. वडील ना. मा. संत १९४६ साली गेले तेव्हा ते लहान होते. इंदिराबाईंचा 'शेला' हा कवितासंग्रह आला १९५१ मध्ये. 'वनवास' संपल्यावर मी तो काढून पुन्हा वाचला. आईनं कवितेत जे रिकामपण मांडलं तेच मुलाच्या गोष्टींत दुसऱ्या वाटेनं आलं असावं, असं मला वाटतं. हे माझं मत, समीक्षकांचं नव्हे. लंपनचंच पुढचं पुस्तक 'पंखा' सध्या दुसऱ्या कुणाकडे तरी अडकलंय. त्यानंतरचं 'झुंबर' कपाटात आहे, पण त्यात काय घडतं ते ठाऊक असल्यामुळे अजून उघडवत नाही.

आता 'पिंजरा'. यावर मामंजींचं आणि माझं चांगलंच वाजलं. व्ही. शांतारामांचा १९७२ चा सिनेमा, श्रीराम लागू आणि संध्या. खेबुडकरांचे शब्द, राम कदमांचं संगीत, गाण्यांबद्दल बोलायची माझी टाप नाही. पण कथा बघा. गावाला शिस्त लावणारा आदर्श मास्तर तमाशाचा फड गावाबाहेर काढतो. नाचणारी चंद्रकला त्याला फडावर उभं करायची शपथ घेते. तो घसरतो. पुढं दुसऱ्याच एका प्रेताला गाव मास्तर समजतं, मास्तर मेला असं धरून त्याचा पुतळा उभारतं, आणि खरा मास्तर शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपात सापडतो. तरी तोंड उघडत नाही, का तर गावासमोरचा आदर्श मोडायला नको!

लागू थोर, प्रश्नच नाही. पण मला सारखं वाटत होतं, असल्या पुतळ्याचं गावाला करायचं काय? गाव सुधारायला माणूस निष्कलंकच लागतो हे कुणी ठरवलं? सिनेमा हा प्रश्न विचारत नाही, उलट त्या पुतळ्याला हात जोडतो. आणि सगळ्या पतनाचं खापर बाईच्या माथ्यावर. तिचाही जीव पुढं त्याच्यावर जडतो, ती बदलते, पण ते जणू कुणाच्या हिशोबातच नाही.

मी म्हटलं, "मामंजी, पोटाला नाचणाऱ्या बाईचा फड उठवला यानं, आणि वाईट कोण, तर ती?"

"अगं, गाणी ऐक की गप. कथा कशाला बघतीस!"

मग त्यांनीच, बहुधा मला गप्प करायला, 'माणूस' लावला. तोही शांतारामांचाच, प्रभातचा, १९३९ चा. म्हणजे 'पिंजरा'च्या तेहतीस वर्षं आधीचा. मी तोंडात बोट घालून बघत राहिले. हवालदार गणपत (शाहू मोडक) आणि वेश्यावस्तीतली मैना. इथंही सज्जन पुरुष आणि बदनाम बाई, पण नजर अगदी निराळी. मैना कुणाला नादी लावायला निघालेली नाही. ती चलाख आहे, चेष्टा करते, थकते, आणि गणपतच्या देवभोळ्या आईसमोर उभं राहायची वेळ आली की तिचाच धीर सुटतो. दोष तिच्या अंगात नाही, लोकांच्या नजरेत आहे, हे सिनेमा भाषण न ठोकता दाखवतो. पुढं तिच्या हातून खून होतो, आणि सोडवायला आलेल्या गणपतला ती नाही म्हणते. तरीही शेवट रडका नाही. प्रेम फसलं म्हणून माणसानं संपून जायचं नाही, हे त्या काळातल्या 'देवदास' सिनेमाच्या थाटाला दिलेलं उत्तरच होतं. मधे सिनेमातल्या प्रेमप्रसंगांची टिंगल केलीय, तिथं मामंजी इतके हसले की ठसका लागला.

मैना झालेल्या शांता हुबळीकर मूळच्या हुबळीकडच्या, हे आडनावच सांगतंय. बाईंनी उतारवयात लिहिलेल्या आत्मचरित्राचं नावही 'कशाला उद्याची बात', म्हणजे याच सिनेमातलं त्यांचं गाणं. आमच्या वाचनालयात प्रत नाही, शोधतेय.

'सामना'बद्दल थोडक्यात, कारण त्यावर भरपूर लिहून झालंय. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. 'पिंजरा'नंतर दोन-तीन वर्षांत लागू पुन्हा मास्तर झाले, पण हा मास्तर दारूत बुडालेला, मळका, स्वतःचीच लाज वाटणारा. तरी साखर कारखानदार हिंदुराव धोंडे पाटलाला (निळू फुले) बेपत्ता झालेल्या मारुती कांबळेबद्दल विचारायची हिंमत त्याच्याकडेच आहे. याला जपायला पुतळा नाही, म्हणून तो विचारू शकतो. निळू फुले बघताना मामंजींनी आमच्या भागातल्या साखर कारखानदारीतली काही नावं घेतली. ती इथं लिहीत नाही.

'वंशवृक्ष' मी याच सगळ्याच्या अधेमधे वाचत होते, म्हणून ते डोक्यात या सिनेमांशेजारीच जाऊन बसलं. एस. एल. भैरप्पांची १९६५ ची कन्नड कादंबरी. मराठी अनुवाद उमा कुलकर्णींचा, त्या जन्मानं बेळगावच्याच. नंजनगूडचे श्रीनिवास श्रोत्री, कर्मठ पण मनानं मोठे. मुलगा कपिला नदीत बुडून जातो. विधवा सून कात्यायनी म्हैसूरला शिकते, राजा नावाच्या तरुणाच्या प्रेमात पडून पुन्हा लग्न करते, पण तिचा मुलगा सासऱ्याकडेच राहतो. ज्या वंशाच्या शुद्धतेपायी एवढं घडलं, त्या वंशाचं आपण रक्तच नाही, हे श्रोत्रींना शेवटी कळतं. तो भाग मी रात्री वाचला आणि झोप उडाली. भैरप्पा श्रोत्रींना माफ करत नाहीत, हे मानलं पाहिजे.

माझी तक्रार कात्यायनीबद्दल आहे. दुसरं लग्न केलं, यापलीकडे तिनं काय केलं? तरी गर्भपात, झिजणं, अपराधीपणा, मरण, सगळं तिच्याच वाट्याला. श्रोत्रींना निदान सगळं सोडून निघून जायची वाट मिळते. काही जण म्हणतील, त्या काळात हेच घडलं असतं, लेखक काय करणार? पण मग १९३९ च्या मैनेला निदान मान ताठ ठेवून 'नाही' म्हणता आलं, ते कसं? कादंबरी मोठी आहे, वाचाच, फक्त कात्यायनीच्या बाजूनं वाचा.

आता अनंतमूर्तींची 'संस्कार' आणलीय. तीही कन्नडच, १९६५ चीच, आणि तिथंही एक सोवळे आचार्य आहेत आणि चंद्री नावाची बाई आहे. त्यावरचा १९७० चा कन्नड सिनेमा, पट्टाभिराम रेड्डींचा, आचार्यांच्या भूमिकेत गिरीश कार्नाड, मामंजींना बघायचाय. त्यांचं कन्नड पक्कं आहे, माझं भाजी घेण्यापुरतं. मराठी नाहीतर हिंदी सबटायटल असलेली चांगली प्रिंट कुठं मिळत असेल तर खाली सांगा, नाहीतर मामंजी दर वाक्याला सिनेमा थांबवून मला अर्थ सांगत बसतील.