वाचक विचारतात : डॉल्बीवरची ती बाई कोण?

प्रश्न : दादा, आमच्या शहापुरात गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीवर एका बाईचं 'बाम बाम' म्हणणारं इंग्लिश गाणं वाजलं, रीलवर पण सारखं येतंय. कोण ओ ती? आणि दुसरं म्हणजे मी पण गाते. एका स्टुडिओवाल्यानं मीच लिहिलेलं, मीच चाल लावलेलं गाणं रेकॉर्ड केलं, एकदा थोडे पैसे हातावर ठेवले, आता यूट्यूबवर ते जोरात चाललंय पण माझं नाव कुठंच नाही. काही करता येतं काय?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : ताई, पहिल्या प्रश्नातच तुमच्या दुसऱ्याचं अर्धं उत्तर आहे बघा. ती सिस्टर नॅन्सी, खरं नाव ऑफलिन रसेल, जन्म १९६२, जमैकातलं किंग्स्टन. पंधरा भावंडं घरात, त्यातला एक भाऊ म्हणजे ब्रिगेडियर जेरी, तो तिकडं माईकवरचा मोठा माणूस. तिकडं रस्त्यावर मोठे बॉक्स लावून रात्रभर कार्यक्रम चालायचे, रेकॉर्ड लावणारा वेगळा आणि त्यावर माईक धरून शब्द जुळवणारा तो डीजे, आणि ही सगळी पुरुषांची जागा. त्यात ही पोरगी शाळेच्या वयात जाऊन उभी राहिली आणि डान्सहॉल या तिथल्या संगीतप्रकारातली पहिली बाई डीजे म्हणून नाव केलं, मला तर याचंच फार कौतुक वाटतं.

१९८२ मध्ये विन्स्टन रायली या निर्मात्याकडं तिचा 'वन, टू' अल्बम आला, त्यात हे गाणं. खालचं संगीत मात्र नवीन नाही, १९७० च्या दशकातलं 'स्टॅलॅग' नावाचं, त्यावर कितीतरी जणांनी आपापले शब्द गायलेत. आपल्याकडं भजनात एकाच चालीवर वेगवेगळे अभंग म्हणतात की नाही, तसंच. 'बाम बाम' हे धृपद पण जुनंच, १९६६ ला टूट्स आणि मेटल्स या जमैकाच्याच गायकमंडळीनं याच नावाच्या गाण्यावर तिथली स्पर्धा जिंकली होती. पण मधल्या ओळी, तो ठसका, मी बाई आहे म्हणून मला का विचारता हा सूर, ते सगळं नॅन्सीचं.

आणि पैसे? काहीच नाही ओ. १९९६ ला ती अमेरिकेत न्यू जर्सीला गेली, बँकेत हिशोबाचं काम करू लागली, आणि इकडं गाणं सिनेमात, पार्ट्यांत वाजतच होतं, १९९८ च्या 'बेली' सिनेमात पण आलं. २०१४ ला एका बुटाच्या जाहिरातीत तिनं स्वतःचाच आवाज टीव्हीवर ऐकला तेव्हा मग वकील गाठला, आणि ३२ वर्षांनी अल्बमचे निम्मे हक्क तिला मिळाले. नंतर २०१६ ला कान्ये वेस्टनं, २०१७ ला जे-झीनं, म्हणजे अमेरिकेतल्या बड्या रॅपरांनी, आपल्या गाण्यात तिचा आवाज घेतला, आणि ती नोकरी सोडून परत स्टेजवर आली.

आता तुमचं. सही कशावर केली तो कागद आधी मागून घ्या, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, पैसे आल्याची एन्ट्री, वहीतली मूळ ओळ, सगळं जपून ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ ला दुरुस्ती झाली, त्यात गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून देता येत नाही असं आहे, आणि गाणाऱ्यालाही व्यावसायिक वापरात रॉयल्टीचा हक्क आहे. गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस आणि गायकांसाठी इसाम्रा (आधीचं नाव इस्रा) अशा संस्था आहेत, तिथं सभासद व्हा. मग बेळगावातल्याच एखाद्या वकिलाकडून आधी नोटीस पाठवा, नाव घालायची मागणी पहिली करा. नॅन्सीसारखं थांबू नका ताई, आत्ताच हालचाल करा.

प्रश्न : रेगे आणि डान्सहॉल एकच काय?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : घर एकच, जमैका. रेगे १९६० च्या दशकाच्या शेवटी आलं, बॉब मार्लीवाला तो संथ ठेका. डान्सहॉल सत्तरच्या शेवटी, त्यात माईकवरचं बोलणं पुढं आलं. १९८५ ला वेन स्मिथचं 'स्लेंग टेंग' कॅसिओच्या छोट्या कीबोर्डवरच्या तयार ठेक्यावर झालं, तिथनं संगणकी आवाज घुसला ते आजपर्यंत.