जुन्या अमेरिकन विनोदी मासिकांत चुंबन आणि जंतू यांवर इतके विनोद का असत? ती वाचायला कुठे मिळतील?

भीती खरी होती म्हणून. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने क्षयाचा जंतू 1882 मध्ये दाखवला. त्यावर लागू पडणारं औषध यायला 1940 चं दशक उजाडलं. मधली साठेक वर्षं वैरी दिसत होता, हातात काहीच नव्हतं.

"गोऱ्यांचा बावळटपणा" हे उत्तर कृपया देऊ नका. ते मी दिराच्या मुलाच्या साखरपुड्यात ऐकलंय. कोरोनाचा काळ, मुलगा-मुलगी मास्क लावून अंगठ्या घालताहेत आणि भाऊजी मोबाइलवर 'पक' या अमेरिकन विनोदी साप्ताहिकातलं 1900 सालचं व्यंगचित्र सगळ्यांना दाखवत फिरताहेत. मोलकरीण मालकिणीचा लोळता झगा झटकतेय, धुळीबरोबर जंतू उडताहेत, शेजारी मुलं, मागे कोयता घेतलेला सांगाडा. "वहिनी, झग्यातून टीबी!" मी नोकरीभर बेडका तपासला. निळ्या स्लाइडवर लाल काड्या, म्हणजे क्षयाचे जंतू, दिसले की पेशंटचं वय बघवत नसे. म्हटलं, भाऊजी, लोक रस्त्यावर थुंकायचे आणि झगा तेच पुसत घरात यायचा. न्यूयॉर्कने 1896 मध्ये थुंकण्यावर बंदी घातली ती काय हौस म्हणून? तर म्हणे, "आपल्याकडे सोवळं होतं." सोवळ्यातल्या घरांत क्षयाने माणसं गेली नाहीत का, हे मी तीनदा विचारलं. उत्तर नाही. विहीणबाईंनी मठ्ठा पुढे केला म्हणून थांबले.

तर चुंबन. 1910 मध्ये सिनसिनाटीच्या इमोजीन रेक्टिन या बाईंनी 'चुंबन नको' अशा अर्थाचे बिल्ले काढले होते. हे असं खरोखर घडत असताना विनोदी लेखकाने वेगळं काय शोधायचं? जंतू म्हणजे प्रेमिकांमध्ये येऊन बसलेली आत्याबाई. तिला टाळून पुढे कसं सरकायचं, एवढीच त्या विनोदांतली गंमत. पुढे 1920 च्या दशकात लिस्टरीन या माउथवॉशवाल्यांनी तोंडाला वास आला तर लग्न जमणार नाही, अशी धास्ती उपवर मुलींना घातली. त्यापेक्षा मासिकवाले बरे.

अर्थात क्षय मुख्यतः हवेतून पसरतो, म्हणजे बिचाऱ्या चुंबनाला जरा जास्तच बोल लागला. आणि 'पक'मधली आयरिश लोकांची चित्रं ओंगळ आहेत, तेही पाहून ठेवा.

'पक'ची पुष्कळ चित्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट आहेत, तारखेसकट. भाऊजींनी फिरवलेल्या चित्रावरची तारीख कुणीतरी कापलेली होती.